युनिक्स मशीनवर नेटवर्क लॉगिन अडलंय? नेमकं कुठे अडलंय ते असं शोधा

'पासवर्ड बरोबर टाकतोय, तरी मशीन आत घेत नाही.' नेटवर्क लॉगिनची, म्हणजे मशीनवर नव्हे तर मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवलेल्या खात्याने आत जाण्याची, तक्रार बहुतेकदा एवढ्याच शब्दांत येते आणि स्क्रीनवरचा संदेशही याहून जास्त काही सांगत नाही. तो मुद्दामच मोघम ठेवलेला असतो. नाव चुकलं की पासवर्ड, हे बाहेरच्याला कळू नये म्हणून. मग नवीन माणूस सुचेल ते करून बघतो. सर्व्हिस रीस्टार्ट करतो, कॅश उडवतो, मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडतो. कधी त्याने चालूही होतं, पण काय बिघडलं होतं ते कळलेलं नसतं. मग काही दिवसांनी तोच बिघाड पुन्हा समोर येतो.

लॉगिनच्या वेळी क्लायंट मशीन चार गोष्टी ओळीने बघतं. या नावाचा युजर आहे का? त्याने दिलेला पासवर्ड खरा आहे का? या मशीनवर यायची त्याला परवानगी आहे का? आणि आत आल्यावर त्याला होम डिरेक्टरी आणि शेल मिळतं का? पहिला प्रश्न एनएसएस (नावं शोधणारी यंत्रणा) सोडवतं, बाकीचे तीन पॅमचे (लॉगिनची तपासणी करणाऱ्या यंत्रणेचे) वेगवेगळे टप्पे. चौघांच्या फाइली वेगळ्या, लॉगमधल्या खुणाही वेगळ्या. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: चारपैकी कुठल्या प्रश्नावर काम अडलं ते ठरल्याशिवाय एकाही फाइलला हात लावू नका.

खालची माहिती मुख्यतः एसएसएसडी (सर्व्हरकडे युजर आणि पासवर्डची चौकशी करून उत्तरं साठवणारी सर्व्हिस) वापरणाऱ्या लिनक्स क्लायंटसाठी आहे, मग मागे एलडॅप (युजरची माहिती ठेवणारी डिरेक्टरी) असो, केर्बेरोस (पासवर्ड तपासून 'तिकीट' देणारी पद्धत) असो की ही दोन्ही असलेली मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

सुरुवातीला हाताशी काय असावं

- मशीनवरचं रूट किंवा सुडो असलेलं लोकल खातं, ज्याचा पासवर्ड नेटवर्कवर अवलंबून नाही
- चाचणीसाठी एक नेटवर्क युजर, ज्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे
- त्याच नेटवर्कवरचं, लॉगिन नीट होणारं दुसरं मशीन
- डिरेक्टरी सर्व्हरची पूर्ण नावं, डोमेनचं नाव आणि केर्बेरोस रेल्मचं (केर्बेरोसच्या हद्दीचं) नाव
- डिरेक्टरी सांभाळणाऱ्या माणसाशी बोलायची सोय
- लॉगिन फसल्याची वेळ सेकंदासकट लिहायला एक कागद

दुसरं चालू मशीन ही यादीतली सगळ्यात मोलाची वस्तू आहे. दोन मशीनच्या कॉन्फिग फाइली 'डिफ' कमांडने शेजारी ठेवल्या की अर्ध्याअधिक बिघाड दिसूनच येतात.

## १. आधी तक्रार नीट ऐकून घ्या

एकालाच अडचण आहे की सगळ्यांना? एकाच मशीनवर की सगळीकडे? एसएसएचने होत नाही, ग्राफिकल स्क्रीनवर होत नाही, की दोन्हीकडे? काल होत होतं का?

एकच युजर सगळ्या मशीनवर अडत असेल तर दोष बहुधा त्याच्या खात्यात आहे. क्लायंटवर वेळ घालवू नका. सगळे युजर एकाच मशीनवर अडत असतील तर ते मशीन. सगळे सगळीकडे अडत असतील तर सर्व्हर, डीएनएस किंवा मधली फायरवॉल. एकच युजर, एकच मशीन असं असेल तर होम डिरेक्टरी, शिळी कॅश किंवा त्याच नावाचं लोकल खातं यांच्याकडे बघा.

आणखी एक साधी गोष्ट. लॉगिन स्क्रीनवरचा कीबोर्ड लेआउट वेगळा असला तर चिन्हं बदलतात. ते तपासायला युजरनेमच्या रकान्यात दोन-चार चिन्हं टाइप करून बघा, पण खरा पासवर्ड तिथे कधीही टाइप करू नका. त्या रकान्यात टाकलेलं लॉगमध्ये जसंच्या तसं उतरू शकतं.

## २. एक रूट सेशन उघडं ठेवा

पुढचं काहीही करण्याआधी एका टर्मिनलमध्ये रूटने आत जा आणि ती खिडकी काम संपेपर्यंत बंद करू नका. पॅमच्या फाइलीत एक ओळ चुकली तर रूटलासुद्धा दार बंद होतं, पण आधीच उघडलेलं सेशन चालू राहतं. ज्या फाइलला हात लावाल तिची प्रत आधी बाजूला ठेवा. बदल केल्यावर चाचणी नेहमी दुसऱ्या, नव्या खिडकीतून करा.

## ३. लॉग वाचा, इथेच सगळ्यात जास्त वेळ द्या

डेबियन, उबुंटूवर लॉगिनच्या नोंदी व्हार-लॉगमधल्या 'ऑथ डॉट लॉग' फाइलीत, रेड हॅटच्या कुटुंबात 'सिक्युअर' फाइलीत मिळतात. जिथे फाइल नसेल तिथे जर्नलसीटीएल. एका खिडकीत लॉग 'टेल -एफ'ने चालू ठेवा, दुसरीतून लॉगिन करा आणि त्या क्षणी पडलेल्या ओळीच फक्त वाचा.

एसएसएचडी 'इनव्हॅलिड युजर' म्हणत असेल तर मशीनला ते नावच सापडलेलं नाही. पासवर्डपर्यंत गाडी गेलीच नाही. सरळ पाचव्या पायरीवर जा. नुसतं 'फेल्ड पासवर्ड फॉर' आणि पुढे नाव असेल तर नाव सापडलं, पासवर्डवर अडलं. 'नॉट अलाउड बिकॉज' असं दिसलं तर कारण त्याच ओळीत पुढे लिहिलेलं असतं: युजरचा एकही ग्रुप एसएसएचडीच्या 'अलाउग्रुप्स' यादीत नाही, वगैरे. अशा वेळी युजरला पासवर्ड मात्र नेहमीसारखा विचारला जातो आणि कितीही बरोबर टाकला तरी नकारच मिळतो. लॉग न वाचणारा माणूस मग तासभर पासवर्ड बदलत बसतो.

एसएसएसडीच्या पॅम मॉड्यूलची ओळ तर नेमकं बोट ठेवते. मॉड्यूलच्या नावापुढे कंसात सर्व्हिस आणि टप्पा येतो, एसएसएचडी आणि 'ऑथ' किंवा 'अकाउंट', आणि ओळीच्या शेवटी एक आकडा. लिनक्सवर या आकड्यांचे अर्थ असे:

- ४: सिस्टिम एरर, म्हणजे आतच काही फिसकटलं, बहुतेकदा कीटॅब (मशीनची स्वतःची किल्ली ठेवणारी फाइल) किंवा कॉन्फिग
- ६: परवानगी नाही, पासवर्ड ठीक असला तरी प्रवेशाचा नियम आड आला
- ७: पासवर्डची तपासणी फसली
- ९: तपासणीसाठी सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही
- १०: युजर माहीत नाही
- १२: पासवर्डची मुदत संपली, नवा हवा
- १३: खात्याचीच मुदत संपली

६ आणि ७ यांत गल्लत करू नका. ७ असेल तर पासवर्ड, घड्याळ, केर्बेरोस. ६ असेल तर पासवर्डचा संबंध नाही, नियम बघा. ९ असेल तर या दोन्हींकडे न जाता नेटवर्क बघा.

नवीन माणूस हमखास दचकतो ती आणखी एक ओळ: पॅम-युनिक्स मॉड्यूलची 'ऑथेंटिकेशन फेल्युअर'. बऱ्याच मशीनवर आधी लोकल शॅडो फाइलशी (लोकल खात्यांचे पासवर्ड ठेवणाऱ्या) पासवर्ड ताडून बघितला जातो, तिथे नेटवर्क युजर नसतोच, म्हणून ही ओळ पडते. मग एसएसएसडीची पाळी येते आणि लॉगिन यशस्वी होतं. व्यवस्थित चालणाऱ्या मशीनवरही ती दिसते. तिच्या नंतरची ओळ वाचा.

एवढ्याने उलगडलं नाही तर एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये डोमेनच्या विभागात 'डीबग_लेव्हल' ६ किंवा ९ करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा आणि व्हार-लॉग-एसएसएसडी फोल्डरमधली डोमेनच्या नावाची फाइल बघा. काम झाल्यावर लेव्हल परत खाली आणा, नाहीतर हीच फाइल डिस्क भरते आणि नवाच लॉगिनचा प्रश्न उभा राहतो.

## ४. नेटवर्क, डीएनएस आणि घड्याळ

ही पायरी पटकन होते, पण वगळू नका.

डीएनएस: सर्व्हरचं नाव 'होस्ट' किंवा 'डिग'ने विचारा. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि फ्री-आयपीएमध्ये (लिनक्सकडची तशीच व्यवस्था) क्लायंट सर्व्हरचा पत्ता एसआरव्ही नोंदींमधून (कुठली सेवा कुठल्या सर्व्हरवर ते सांगणाऱ्या डीएनएस नोंदी) शोधतो, म्हणून एलडॅप आणि केर्बेरोसच्या एसआरव्ही नोंदीही मिळतात का बघा. लॅपटॉपवर बाहेरचा डीएनएस घातलेला असला की इंटरनेट झकास चालतं आणि डोमेन मात्र सापडत नाही. मशीनचं स्वतःचं नावही 'होस्टनेम -एफ'ने बघा, पूर्ण नाव यायला हवं.

पोर्ट: 'एनसी -झेड -व्ही'ने एकेक तपासा. डीएनएस ५३, केर्बेरोस ८८, एलडॅप ३८९, टीएलएसवरचं एलडॅप ६३६, केर्बेरोस पासवर्ड बदल ४६४, ॲक्टिव्ह डिरेक्टरीचा ग्लोबल कॅटलॉग ३२६८, एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारी व्यवस्था) २०४९. केर्बेरोससाठी यूडीपी आणि टीसीपी दोन्ही उघडे हवेत. नुसतं यूडीपी उघडं असलं तर एक चमत्कारिक लक्षण दिसतं: बहुतेकांचं लॉगिन होतं, पण खूप ग्रुपमध्ये असलेल्यांचं होत नाही. त्यांचं तिकीट मोठं असतं, ते यूडीपीत मावत नाही आणि टीसीपीची वाट बंद असते.

घड्याळ: केर्बेरोस साधारणपणे ५ मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेतं. त्यापुढे गेलं की तिकीट नाकारलं जातं आणि युजरला दिसतं ते 'पासवर्ड चुकीचा'. 'क्रोनीसी ट्रॅकिंग' किंवा 'टाइमडेटसीटीएल' चालवा. टाइमझोन चुकला आणि कोणी हाताने घड्याळ 'बरोबर' करून ठेवलं, तर स्क्रीनवरची वेळ योग्य दिसते पण आतली यूटीसी वेळ तासांनी सरकलेली असते. म्हणून तुलना यूटीसीत करा. निलंबित करून पुन्हा चालू केलेली व्हर्च्युअल मशीन इथे फार वेळा सापडतात.

## ५. मशीन युजरला ओळखतं का?

'गेटेंट पासडब्ल्यूडी' आणि पुढे युजरचं नाव. एक ओळ यायला हवी, तीत यूआयडी (युजरचा क्रमांक), होम आणि शेल असतं. मग 'आयडी' आणि नाव, ग्रुप बघायला. ओळ आली तर ही पायरी पार.

नाव न देता नुसतं 'गेटेंट पासडब्ल्यूडी' चालवून 'नेटवर्क युजर दिसतच नाहीत' असा निष्कर्ष काढू नका. एसएसएसडी सगळ्यांची यादी देणं डीफॉल्टने बंद ठेवतं. नाव देऊन विचारलं तरच उत्तर मिळतं.

ओळ आली नाही तर या क्रमाने बघा.

पहिलं, नाव कसं लिहायचं ते. 'रेल्म जॉइन'ने मशीन जोडलं असेल तर बहुधा पूर्ण नाव, म्हणजे नावापुढे ॲट आणि डोमेन, असंच चालतं. नुसत्या नावाने युजर सापडत नाही आणि पूर्ण नावाने लगेच सापडतो, हे नवख्यांच्या मशीनवर मी सगळ्यात जास्त पाहिलेलं आहे. छोटं नाव हवं असेल तर एसएसएसडीच्या कॉन्फिगमधलं 'यूज_फुली_क्वालिफाइड_नेम्स' बंद करा.

दुसरं, ईटीसीमधली 'एनएसस्विच डॉट कॉन्फ'. पासडब्ल्यूडी आणि ग्रुप या दोन्ही ओळींत 'फाइल्स'च्या जोडीला 'एसएसएस' हवं. एका ओळीत आहे आणि दुसरीत नाही, असंही घडतं. मग युजर दिसतो पण ग्रुप नुसत्या आकड्यांत येतात.

तिसरं, एसएसएसडी चालू आहे का. त्याची कॉन्फिग फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवली तर ती सर्व्हिस सुरूच व्हायला नकार देते. मालक रूट आणि परवानगी ६०० ठेवा. दुसऱ्या मशीनवरून फाइल कॉपी करताना परवानगी हमखास बदलते. चालू असेल तर 'एसएसएससीटीएल डोमेन-स्टेटस' आणि डोमेनचं नाव. तिथे ऑफलाइन दिसलं तर चौथ्या पायरीवर परत.

चौथं, कॅश. सर्व्हरवर युजर आत्ताच तयार केला असेल किंवा ग्रुप बदलला असेल तर जुनी माहिती काही वेळ राहते. एसएसएसडीत नोंदीची मुदत डीफॉल्टने ५४०० सेकंद, म्हणजे दीड तास. 'युजर नाही' हे उत्तरसुद्धा १५ सेकंद लक्षात ठेवलं जातं, म्हणून दुरुस्ती केल्या केल्या लगेच विचारलं तर नकार मिळू शकतो. 'एसएसएस_कॅश -ई', मोठा ई, चालवा. त्याने नोंदी शिळ्या ठरतात, पुसल्या जात नाहीत. कॅशच्या डेटाबेस फाइली थेट डिलीट करण्याचा सल्ला जागोजागी दिलेला असतो; सर्व्हरशी संपर्क नसलेल्या लॅपटॉपवर तो अंमलात आणलात तर साठवलेला पासवर्डही जातो आणि नेटवर्कला जोडेपर्यंत कुठल्याच नेटवर्क युजरला आत जाता येत नाही. शिवाय एनएससीडी (नावांची कॅश ठेवणारी दुसरी सर्व्हिस) आणि एसएसएसडी दोन्ही चालू असतील तर पासडब्ल्यूडी आणि ग्रुपसाठी एनएससीडी बंद करा; दोन कॅश एकमेकींवर बसल्या की उत्तरं क्षणाक्षणाला बदलतात.

जुन्या नेटवर्कवर अजून एनआयएस (युजरची यादी वाटणारी जुनी व्यवस्था) असेल तर तिथे 'वायपीविच' कुठल्या सर्व्हरला जोडलंय ते सांगतं आणि 'वायपीकॅट पासडब्ल्यूडी' यादी देतं. वायपीविच अडकून बसलं तर बाइंडिंगच झालेलं नाही. 'डोमेननेम' आणि आरपीसीचा पोर्ट १११ बघा. रेड हॅटने ९ व्या आवृत्तीत एनआयएस काढून टाकलं, त्यामुळे अपग्रेडनंतर लॉगिन बंद पडलं तर इतरत्र शोधू नका. मॅकओएसवर गेटेंट नाही; तिथे 'आयडी' आणि 'डीएससीएल' वापरा, कॅश 'डीएसकॅशयूटिल'ने साफ होते.

## ६. पासवर्ड खरंच तपासला जातोय का?

केर्बेरोस असेल तर 'केइनिट' आणि युजरचं नाव. ही कमांड पॅम आणि एसएसएसडी दोघांना बाजूला ठेवून थेट सर्व्हरकडे जाते, म्हणून तिचं उत्तर फार उपयोगी पडतं. 'प्रीऑथेंटिकेशन फेल्ड' म्हणजे बहुधा पासवर्डच चुकीचा. 'क्लायंट नॉट फाउंड' म्हणजे त्या रेल्ममध्ये हे नाव नाही. 'क्लॉक स्क्यू' म्हणजे घड्याळ. 'कॅनॉट फाइंड केडीसी' (केडीसी म्हणजे तिकीट देणारा सर्व्हर) म्हणजे डीएनएस किंवा केर्बेरोसची क्रब५ ही कॉन्फिग, किंवा रेल्मचं नाव छोट्या अक्षरांत लिहिलंय. रेल्म मोठ्या अक्षरांत लिहायची पद्धत आहे आणि अक्षरांचा फरक केर्बेरोस मानतं.

केइनिट यशस्वी होतं पण लॉगिन होत नाही, असं असेल तर संशय मशीनच्या कीटॅबवर घ्या. ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणि फ्री-आयपीएसोबत एसएसएसडी मिळालेलं तिकीट मशीनच्या स्वतःच्या किल्लीने पडताळून बघतं. ती किल्ली शिळी असेल तर युजरचा पासवर्ड खरा असूनही लॉगिन फसतं. 'केलिस्ट -के'ने कीटॅबमधल्या नोंदी बघा आणि 'केइनिट -के'ने मशीनच्या नावाने तिकीट मिळतं का ते करून बघा. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत मशीनच्या खात्याचा पासवर्ड सहसा दर ३० दिवसांनी बदलतो. म्हणून जुन्या स्नॅपशॉटवर परत नेलेली व्हर्च्युअल मशीन किंवा डोमेनला जोडल्यानंतर क्लोन केलेल्या दोन मशीन हा घोटाळा करतात. इथे मात्र मशीन डोमेनला पुन्हा जोडणं हाच योग्य उपाय आहे.

पासवर्ड एलडॅपकडेच तपासला जात असेल तर 'एलडॅपहूअॅमआय'ने युजर म्हणून जोडून बघा. एसएसएसडी उघड्या, एन्क्रिप्शन नसलेल्या जोडणीवरून पासवर्ड पाठवतच नाही. त्यामुळे युजर सापडतो, पासवर्ड फसतो आणि पासवर्ड तर बरोबर असतो, असं चित्र दिसलं की टीएलएसचं प्रमाणपत्र बघा: मुदत संपली का, त्यावरचं नाव आणि कॉन्फिगमधलं सर्व्हरचं नाव जुळतं का, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं मूळ प्रमाणपत्र क्लायंटवर आहे का. 'ओपनएसएसएल एस_क्लायंट'ने सगळं दिसतं. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करून टाकणं हा उपाय नाही. कोणीही मधे बसून सगळ्यांचे पासवर्ड गोळा करू शकेल.

आता दोन चाचण्या, ज्यांचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

रूटवरून 'एसयू' करून युजर बनता आलं म्हणजे लॉगिन ठीक आहे, असं समजू नका. रूटला एसयू पासवर्ड विचारतच नाही. या चाचणीने युजर सापडतो आणि सेशन उघडतं एवढंच कळतं. खरी चाचणी साध्या लोकल युजरवरून एसयू करून घ्या.

एसएसएचची की वापरून लॉगिन होतं आणि पासवर्डने होत नाही, तर बिघाड पासवर्डच्याच टप्प्यात आहे, कारण की असताना पॅमचा 'ऑथ' टप्पा वगळला जातो पण अकाउंट आणि सेशन चालतात. दोन्हींनी होत नसेल तर पुढची पायरी.

## ७. आत यायची परवानगी

पासवर्ड मान्य होऊन लगेच जोडणी तुटत असेल तर बहुधा इथेच अडलंय. बघायच्या जागा:

- ईटीसीमध्ये किंवा रनमध्ये 'नोलॉगिन' नावाची फाइल. ती असेल तर रूटशिवाय कोणालाही प्रवेश नाही. देखभालीनंतर काढायची राहून जाते.
- एसएसएचडीचे 'अलाउयुजर्स', 'अलाउग्रुप्स'. मुख्य फाइल वाचून थांबू नका, शेजारच्या डॉट-डी फोल्डरमधल्या छोट्या फाइली तिच्यावर मात करतात. 'एसएसएचडी -टी', मोठा टी, रूटने चालवा. प्रत्यक्षात लागू असलेली सेटिंग्ज छापून मिळतात.
- एसएसएसडीचा 'ॲक्सेस_प्रोव्हायडर' आणि त्याचे फिल्टर. ॲक्टिव्ह डिरेक्टरी असेल तर ग्रुप पॉलिसीतले लॉगिनचे नियमही लागू होऊ शकतात.
- 'फेललॉक' आणि युजरचं नाव. चुकीच्या प्रयत्नांमुळे खातं या मशीनपुरतं बंद झालं असेल तर इथे दिसतं आणि रीसेटही इथूनच होतं. सर्व्हरवरचं लॉक वेगळं असतं. ते इथून सुटत नाही.

ग्रुपवर आधारित नियम असेल तर युजरला ग्रुपमध्ये घातल्यावर 'आयडी'मध्ये तो ग्रुप दिसेपर्यंत नियम बदलू नका. बहुतेकदा कॅशच शिळी असते.

## ८. होम डिरेक्टरी आणि शेल

शेल: गेटेंटच्या ओळीतलं शेवटचं नाव मशीनवर खरंच आहे का? डिरेक्टरीत झेडएसएच लिहिलेलं आणि मशीनवर ते बसवलेलंच नाही, तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही.

होम लोकल असेल आणि पहिल्यांदाच लॉगिन असेल तर ती तयार करायला पॅमचं 'एमकेहोमडर' मॉड्यूल चालू हवं. होम एनएफएसवर असेल तर प्रकरण लांबतं. सर्व्हर बंद असला तर लॉगिन नकार देत नाही, नुसतं लटकतं; 'डीएफ'सुद्धा लटकलं तर तिकडेच दोष. ऑटोएफएस (गरज पडताच माउंट करणारं) असेल तर होममध्ये सीडी करून माउंट होतं का बघा. फाइलींचा मालक 'नोबडी' दिसला तर बहुधा एनएफएस ४ च्या आयडी मॅपिंगमधलं डोमेनचं नाव दोन्ही बाजूंना जुळत नाही.

रूटने होममध्ये डोकावून 'परमिशन डिनाइड' आलं तर घाबरू नका. एनएफएस सर्व्हर सहसा रूटला परका समजतो. युजर म्हणूनच तपासा. आणि होम केर्बेरोसने संरक्षित असेल तर एसएसएच कीने आलेल्या युजरकडे तिकीटच नसतं, त्यामुळे त्याला स्वतःची होम वाचता येत नाही. एसएसएचडीलाही तिथली की-फाइल वाचता येत नाही.

ग्राफिकल स्क्रीन पासवर्ड घेऊन परत लॉगिनवरच येत असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून टेक्स्ट कन्सोलवर जा आणि तिथे लॉगिन करा. तिथे झालं तर ओळख आणि पासवर्ड बहुधा ठीक. होममधली जागा किंवा कोटा संपलाय का, 'एक्सऑथॉरिटी' फाइलीचा मालक चुकून रूट झालाय का, ते बघा. डिस्प्ले मॅनेजरची पॅम फाइल वेगळी असते हेही लक्षात ठेवा.

एसईलिनक्स (लिनक्सचे जादा सुरक्षा-नियम) चालू असेल आणि होम एनएफएसवर असेल तर 'यूज_एनएफएस_होम_डर्स' हा बूलियन (चालू-बंद सेटिंग) चालू हवा. एसईलिनक्स पूर्ण बंद करून सोडून देऊ नका. 'एयूसर्च'ने नकाराची नोंद वाचा.

## ९. लॉगिन होतं, पण मिनिटभर लागतं

'टाइम' लावून 'आयडी' चालवा. तिथेच वेळ जात असेल तर सर्व्हरच्या यादीतला पहिला सर्व्हर बंद असेल, किंवा ग्रुप अवाढव्य असतील. 'इग्नोर_ग्रुप_मेंबर्स'ने फरक पडतो. आयडी झटकन येत असेल तर 'एसएसएच -व्हीव्हीव्ही' चालवा आणि कुठल्या ओळीवर थांबतं ते बघा. जीएसएसएपीआयवर (केर्बेरोस तिकिटाने लॉगिनचा प्रयत्न) थांबलं तर केर्बेरोस आणि उलटं डीएनएस (आयपीवरून नाव शोधणं) तपासा. सगळं झाल्यावर, प्रॉम्प्ट येण्याआधी थांबलं तर युजरच्या प्रोफाइल फाइली.

## १०. पॅमच्या फाइली बदलायच्याच असतील तर

शक्यतो हाताने बदलू नका. रेड हॅटकडे 'ऑथसिलेक्ट', डेबियन आणि उबुंटूकडे 'पॅम-ऑथ-अपडेट' आहे. हाताने केलेले बदल ही साधनं पुढच्या वेळी पुसून टाकू शकतात. हाताने करावंच लागलं तर ओळींचा क्रम जपा. 'सफिशंट' ओळ यशस्वी झाली की तिच्या खालच्या ओळी वाचल्याच जात नाहीत, 'रिक्विझिट' फसली की तिथेच नकार. लोकल खात्यांची ओळ कधीही काढू नका.

## ११. क्लायंट ठीक असेल तर सर्व्हरवाल्यांना काय पाठवायचं

दुसऱ्या मशीनवरही केइनिट त्याच युजरसाठी फसत असेल, तर काम तुमच्या हातातलं नाही. तेव्हा 'लॉगिन होत नाही' एवढंच लिहू नका. पाठवा: युजरचं नाव, मशीनचं पूर्ण नाव आणि आयपी, फसल्याची वेळ यूटीसीत सेकंदासकट, लॉगमधली नेमकी ओळ, केइनिटचा संदेश, मशीन कुठल्या सर्व्हरला जोडलेलं होतं ते, आणि दुसऱ्या मशीनवर काय झालं ते. वेळ अचूक असली की त्यांना त्यांच्या लॉगमध्ये तुमची विनंती लगेच सापडते.

डीबग लॉग जोडण्याआधी एकदा वाचून घ्या, त्यात इतरांची नावं आणि ग्रुप असतात. कीटॅब फाइल मात्र कोणालाही पाठवू नका, कोणी मागितली तरी; ती ज्याच्या हातात पडेल तो तुमचं मशीन म्हणून वावरू शकतो. त्यांना हवा असतो तो 'केलिस्ट -के'चा आउटपुट, तेवढाच द्या.